डोंगराचे मोल आणि देवराईचा न्याय

पर्वतीय परिसंस्था, म्हणजे डोंगरावरील माती, पाणी, वनस्पती, प्राणी व माणूस यांची परस्परावलंबी व्यवस्था, माणसाला जे लाभ देते त्यांचे मूल्यमापन आज ‘परिसंस्था सेवा’ या संज्ञेखाली केले जाते. परंतु ज्याचे मोल ठरते ते मोबदला देऊन नष्ट करण्याची मुभाही मिळते काय, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. सह्याद्रीच्या कुशीतील कोल्हापूरपुरते पाहिले तर हे लाभ निर्विवाद आहेत: कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या पाण्याने पंचगंगा घडते, कोल्हापूरचे राजे राजर्षी शाहू यांनी भोगावतीवर बांधायला घेतलेले राधानगरी धरण सह्याद्रीच्या पाणलोटावर भरते, आणि राधानगरी अभयारण्य २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. देवराई, म्हणजे ग्रामदेवतेच्या नावे राखलेले रान, मात्र वेगळा न्याय सांगते: तेथील झाड उपयोगी आहे म्हणून नव्हे, तर ते देवाचे, अर्थात कोणा एकाच्या मालकीचे नाही, म्हणून राखले जाते. या श्रद्धेत भीतीचा अंश आहे, हे मान्य करावे लागते. आणि देवळाच्या जीर्णोद्धारासाठी जेथे राईच तोडली जाते, तेथे ती श्रद्धा मूर्तीपाशीच थांबलेली असते. धरण, रस्ता वा खाण यांचा विचार करताना लाभांची मोजणी हवीच, पण त्या हिशेबाने देवराईची किंमत ठरवणे अन्यायाचे आहे.