शेरा कोणाचा?

वयाच्या ४४ व्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. १६ वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली सॉफ्टवेअर तपासण्यात गेली, आणि आता इथे लेस्टरमध्ये गणिताची शिक्षिका होण्यासाठी पीजीसीई करते आहे. म्हणजे आपल्याकडचं बी.एड.च म्हणा ना. शाळेत जाऊन पाठ घ्यायचे, रात्री टाचणं काढायची, आणि वर्गात मागे बसलेल्या मेंटॉरने काय लिहून घेतलं असेल याची धास्ती बाळगायची. एका बाबतीत मात्र मी निर्धास्त होते. 'वर्गात तंत्रज्ञानाचा वापर' हा भाग आला, तेव्हा माझ्या निम्म्या वयाच्या सहाध्यायांना मीच समजावून सांगत होते.

घोळ नेमका तिथेच झाला.

इयर एटचा वर्ग, बारा-तेरा वर्षांची २८ मुलं. अपूर्णांकांच्या वजाबाकीचा गृहपाठ मी ऑनलाइन दिला. मुलं उत्तरं टाईप करतात, सॉफ्टवेअर ती तपासतं आणि प्रत्येकासाठी दोन-तीन ओळींचा शेरा लिहितं. खाली शिक्षकाचं नाव आपोआप येतं. मी सगळे शेरे भराभर नजरेखालून घातले, भाषा बरी वाटली, बटण दाबलं. २८ शेरे, चार मिनिटं. वह्या घरी आणल्या असत्या तर रविवार गेला असता.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी घुटमळली. वर्गात कधीही हात वर न करणारी. म्हणाली, "मिस, मी ते गणित तीनदा केलं हे तुमच्या लक्षात आलं?" तिच्या शेऱ्यात लिहिलं होतं, तू न कंटाळता पुन्हा पुन्हा प्रयत्न केलास हे मी पाहिलं, मला तुझं कौतुक वाटतं.

मी काहीच पाहिलं नव्हतं. तिच्या तीन प्रयत्नांची नोंद झाली होती आणि त्या नोंदीवरून वाक्य तयार झालं होतं. ते कसं होतं हे मला चांगलं ठाऊक आहे, तोच माझा धंदा होता. तरी मी हसले आणि म्हणाले, "हो, छान केलंस." ती खुशीत गेली.

यात बिघडलं काय? नियमाने पाहिलं तर फारसं नाही. इथल्या शिक्षण खात्याने २०२५ मध्ये शिक्षकांना सांगितलं की साध्या गृहपाठाच्या तपासणीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला हरकत नाही, फक्त ती काय लिहिते ते तपासण्याची जबाबदारी शिक्षकाची. तपासणी यंत्राकडे द्यावी ही कल्पनाही जुनीच. १९५३ साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. मुलांना आपलं उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळत नाही, आणि सगळ्यांना एकाच वेगाने चालावं लागतं, हे त्यांना खटकलं. त्यातून त्यांचं शिकवणारं यंत्र निघालं. त्यांच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली, पण त्यांना दिसलेली अडचण खरी होती. २८ मुलांच्या वर्गात उभं राहिल्यावर ती मलाही रोज दिसते. फरक एवढाच की त्या पेटीने कोणाचं नाव लावलं नव्हतं. समोर पेटी आहे हे मुलाला ठाऊक असायचं.

त्या रात्री आईला फोन केला. ती ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. मला वाटलं, ती यंत्रांवर तोंडसुख घेईल. तर म्हणाली, "अगं, साठ-साठ वह्या असायच्या. निम्म्या वह्यांवर मी न वाचताच सही ठोकायचे. मला काय साव समजतेस?" मग थोडं थांबून, "पण शाब्बास लिहायचं तर वाचूनच लिहायचे हं."

आईची सही म्हणजे वही मिळाल्याची पोच होती. शाब्बास ही साक्ष होती. बरोबर-चूक कोणीही सांगावं, यंत्राने सांगितलं तर उलट लवकर कळतं. पण 'मी पाहिलं' हे वाक्य पाहिल्याशिवाय खरं होत नाही, मग त्यातला बाकी मजकूर कितीही खरा असो. मुलगी खूश झाली ना, मग झालं तर, असं मी स्वतःला दोन दिवस सांगून पाहिलं. पण ती कशाने खूश झाली? तीनदा प्रयत्न केल्याचं तिला माहीतच होतं. ते आणखी कोणाला तरी माहीत आहे, याचा तिला आनंद झाला होता. आणि नेमकं तेच खोटं होतं.

तिसऱ्या दिवशी मी तिला कच्ची वही आणायला सांगितली. गणित होतं ५/६ वजा ३/८. पहिल्यांदा तिने दोन्ही छेदांचा गुणाकार करून ४८ घेतला होता आणि उत्तर काढलं होतं २२/४८. अगदी बरोबर! पण सॉफ्टवेअरला संक्षिप्त रूपच हवं होतं, त्याने चूक दाखवली. रीतच चुकली असं समजून तिने पान खोडलं, दुसऱ्यांदा छेदांचीही वजाबाकी करून पाहिली, आणि तिसऱ्यांदा मैत्रिणीला विचारून लसावि घेतला: ११/२४. जिद्दीचं कौतुक झालं होतं, पण तिचा स्वतःच्या बरोबर रीतीवरचा विश्वास उडाला होता, आणि खाली नाव माझं होतं. खोडलेलं ते पान वाचायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मी तिला सांगितलं की तो शेरा मी लिहिला नव्हता, आणि विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझं पहिलंच बरोबर होतं?" हो म्हटल्यावर तिने वही पुढे केली. मी २२/४८ वर बरोबरची खूण केली. तेव्हापासून मी काही लिहिलं की ती आधी अक्षर निरखते.

सॉफ्टवेअर मी सोडलेलं नाही. बरोबर-चूक त्याच्याकडेच आहे, शेऱ्याची सोय बंद केली आहे. कोर्सच्या फाइलमध्ये तंत्रज्ञानाच्या वापराचा पुरावा म्हणून ते २८ शेरे जोडायचे आहेत. बाकीच्या २७ मुलांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सोमवारी पहिला तास त्यांचाच आहे.