धार आणि पाठ

कयाधू नदीच्या खोऱ्यात, आजच्या हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्यात आमच्या आजोबांचे घर होते. त्या घरातील कोनाड्यात पवित्र कुटुंबाच्या तसबिरीशेजारी तीन वस्तू ठेवलेल्या असत: बाजारातून आणलेला एक स्वस्त वस्तरा, तळहाताएवढा सपाट दगड आणि चामड्याचा जुना पट्टा. शनिवारी संध्याकाळी आजोबा त्या घेऊन अंगणात बसत आणि रविवारच्या मिस्सेसाठी घरातील सर्व पुरुषांच्या दाढ्या करीत. बालपणी आम्हांला ती त्यांची हौस वाटे. पुढे उमगले की ती हौस नव्हती. गावात न्हावी होता. परंतु त्याचा वस्तरा आमच्या वस्तीतील माणसांच्या गालाला लागत नसे. बाप्तिस्म्याने आमची नावे बदलली होती, वस्ती बदलली नव्हती.

ही कथा एका घराची नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, साताऱ्यात त्यांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही आणि घरात पैसा नव्हता असेही नाही. अस्पृश्याचे केस कापण्यास कोणी तयार नव्हते, एवढेच. 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने अशी सेवा नाकारणे शिक्षापात्र ठरवले. कायदा झाला म्हणून खेड्यातील ओसरी लगेच बदलते असे मात्र नाही.

नाभिक समाजाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. न्हावी हाही बारा बलुतेदारांपैकी एक, गावाच्या धाकात जगणारा. त्याच समाजात सेना महाराजांसारखे संत झाले. आणि त्याच समाजातील कारागिरांनी 1890 साली मुंबईत, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. एकाच वस्तऱ्याचे हे दोन नकार आहेत. एका नकाराने माणसाचा अपमान झाला, दुसऱ्याने माणसाची प्रतिष्ठा राखली. हत्यार निर्दोष असते. ते कोणासाठी उचलावे आणि केव्हा खाली ठेवावे, हा प्रश्न हाताचा आणि हातामागील विवेकाचा असतो.

आजोबांनी आम्हांला वस्तऱ्याला धार लावण्यास शिकवले. स्वस्त वस्तऱ्याचे पोलाद मऊ असते. बाजारातून आणला तेव्हा तो लखलखत होता, पण दाढी करण्याजोगा नव्हता. त्याची चकाकी वेगळी आणि धार वेगळी. दगड पाण्याने ओला करायचा. वस्तरा त्यावर असा आडवा ठेवायचा की त्याची जाड पाठ आणि पातळ धार दोन्ही दगडाला टेकतील. मग धार पुढे ठेवून तो हलकेच सरकवायचा, टोकाला पोहोचल्यावर पाठीवर उलटायचा आणि तसाच परत आणायचा. जोर द्यायचा नाही. जोराने धार लवकर लागत नाही. पातळ कड वाकते आणि केलेले काम वाया जाते.

पाठ उचलून केवळ धारच घासली तर काम झटपट होईल, असे आम्हांला वाटे. आजोबा म्हणत, "पाठ उचलली की कोन बिघडला. पाठही थोडी झिजू दे." वस्तऱ्याची रचनाच अशी आहे की त्याची पाठ त्याच्या धारेचा कोन ठरवते. धारेबरोबर पाठीनेही झिजायचे, तेव्हाच धार सरळ राहते.

दगडावरचे काम संपले तरी वस्तरा गालाला लावायचा नसतो. दगडाने धारेच्या कडेला केसाहूनही बारीक अशी एक उलटी किनार येते. डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीला जाणवते. ती काढण्यासाठी चामड्याचा पट्टा ताणून धरायचा आणि वस्तरा उलट दिशेने फिरवायचा: पाठ पुढे, धार मागे. पट्टा सैल पडला तर धार गोलावते, धार पुढे राहिली तर चामडे कापले जाते. पोलाद मऊ असल्यामुळे हे सारे दर आठवड्यास नव्याने करावे लागे. गालावर कोमट पाणी आणि साबण लागल्यानंतरच वस्तरा पुढे येई.

बोथट वस्तरा कमी इजा करतो, असे ज्याला वाटते त्याने तो कधी वापरलेला नसावा. धार गेलेला वस्तरा केस कापत नाही, ओढतो. मग हात जोर लावतो आणि रक्त येते. उपदेशक ग्रंथाच्या 10 व्या अध्यायात बोथट लोखंडाविषयी हाच विचार आला आहे. उलटपक्षी 52 व्या स्तोत्रात कपटी जिभेला धारदार वस्तऱ्याची उपमा दिली आहे. म्हणजे धार नसणे हे संकट आणि नुसती धार असणे हेही संकट. मग आपल्याच माणसाला त्याची चूक सांगायची तर कोणत्या जिभेने सांगावी?

हा प्रश्न आम्ही केवळ पुस्तकी म्हणून मांडत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील दोन ख्रिस्ती कुटुंबांत एक विवाह ठरत आला होता. दोन्ही कुटुंबे एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारणारी. बोलणी मोडली, कारण बाप्तिस्म्यापूर्वीची जात निराळी निघाली. मुलाच्या वडिलांशी बोलण्यासाठी आम्हांला बोलावणे आले. आम्ही गेलो, चहा घेतला, आणि "तुम्हांला योग्य वाटेल ते करा," असे म्हणून परतलो. या वागण्याला आम्ही सामंजस्य असे नाव दिले. नंतर त्या मुलीने एवढेच विचारले, "काका, तुम्ही काहीच का बोलला नाहीत?" ज्यांच्या आजोबांच्या गालाला गावाचा वस्तरा लागला नाही, त्यांचे नातू आज वेदीपुढे एकमेकांची पूर्वीची वस्ती विचारतात, आणि आम्ही गप्प बसतो. आमचा बोथटपणा कोणाला जखम करीत नाही, अशी आमची समजूत होती. जखम त्या मुलीला झाली होती.

आमच्याच जिल्ह्यातील नरसीच्या नामदेवांची एक कथा परंपरेने जपली आहे. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी मडके पारखावे तसे थापटण्याने एकेकाचे डोके पारखले. नामदेव चिडले, आणि मडके कच्चे ठरले. त्यांना ते लागले. परंतु रुसून बसण्याऐवजी ते औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले. गोरोबांनी गप्प राहून मान राखला असता, तर नामदेवांचे काय झाले असते? आणि सांगणारा गोरोबांसारखा स्वतः भट्टीतून निघालेला नसता, तर नामदेवांनी ऐकले असते काय?

मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू भावाची चूक त्याला एकांतात दाखवावयास सांगतो. आणि त्याच शुभवर्तमानात तो स्वतःच्या डोळ्यातील मुसळ आधी काढावयासही सांगतो. आजोबांच्या वस्तऱ्याने आम्हांला या दोन आज्ञांतील नाते दाखवले. सत्य दगडावर घासावे, पण स्वतःची पाठ उचलून नव्हे. आणि दगडावरून आलेले सत्य तसेच कोणाच्या गळ्याशी नेऊ नये. त्याची उलटी किनार, म्हणजे आपला राग आणि दुसऱ्याहून आपण बरे असल्याचे छुपे समाधान, प्रेमाच्या चामड्यावर उतरवून मगच न्यावे.

अखेर आम्ही त्या मुलाच्या वडिलांकडे पुन्हा गेलो, या वेळी एकटे. प्रथम आमचे सांगितले: आमच्या घरातल्या एका सोयरिकीच्या वेळी आम्हीही हीच चौकशी केली होती, आडून, दुसऱ्याच्या तोंडून. मग त्यांच्या निर्णयाविषयी जे म्हणायचे होते ते म्हटले, मऊ शब्दांत पण न गाळता. त्यांनी उत्तर दिले नाही. परंतु ते उठूनही गेले नाहीत. मोडलेले लग्न पुन्हा जुळले नाही. उशिरा बोललेल्या सत्याचा तो दंड आहे, आणि तो आमच्या वाट्याहून अधिक त्या मुलीच्या वाट्याला आला.

आज गावोगावच्या केशकर्तनालयांत वस्तऱ्यात नवे अर्धे पाते बसवतात आणि काम झाले की फेकून देतात. रोगराईच्या भयाने ते योग्यच आहे. परंतु विवेकाला बदलते पाते मिळत नाही. आपण सारे स्वस्त पोलादाचे. धार लवकर जाणारे. म्हणूनच शनिवारची संध्याकाळ लागते, दर आठवड्याला, रविवारच्या वेदीपुढे उभे राहण्याआधी.