उपयोग संपला, हक्क संपला?

सूरह अनआमच्या ३८ व्या आयतीत अल्लाहने जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यांचा आणि पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांचा उल्लेख करून, तेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे मानवाला सांगितले आहे. तेथे मूळ शब्द ‘उमम’ असा आहे. तो ‘उम्मत’ या शब्दाचे अनेकवचन होय. जो शब्द आपण अभिमानाने स्वतःसाठी वापरतो, तोच निर्मात्याने मुंगीसाठी, मांजरासाठी आणि चिमणीसाठीही योजला आहे. दुसरीकडे, प्राणी मानवाच्या उपयोगासाठी निर्माण केले गेले, हेही कुरआनच सांगतो. सूरह नहलच्या आरंभी त्यांच्यापासून मिळणारी ऊब, अन्न आणि वाहतुकीची सोय यांची आठवण करून दिली आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक प्रश्न समोर येतो. प्राणी आपल्या उपयोगासाठी दिला गेला असेल, तर उपयोग संपल्यावर त्याचा आपल्यावरील हक्कही संपतो काय? आणि आपल्या सोयीसाठी तो हक्क काही दिवस बाजूला ठेवता येतो काय?

वाचकहो, हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. पनवेलसारख्या गावात तो दर वर्षी मे महिन्यात दारोदार उभा असतो. कोकणात जाणारा महामार्ग येथून सुरू होतो, कोकणच्या गाड्या येथे थांबतात. परीक्षा संपल्या की महाड, म्हसळा, श्रीवर्धन, खेड, चिपळूणकडे जाणाऱ्या कुटुंबांची लगबग सुरू होते. कोणी लग्नकार्याला जातो, कोणी आंब्याच्या दिवसांत आजोळी जातो, कोणी उमराहच्या पवित्र प्रवासाला निघतो. सामानाची यादी होते, गॅस बंद केला जातो, कुलूप दोनदा ओढून पाहिले जाते. या सर्व तयारीत घरातील मांजराचा, पिंजऱ्यातील पक्ष्यांचा विचार अनेकदा शेवटच्या तासाला होतो. मग कोठे वाडगाभर दूध आणि मूठभर दाणे ठेवून दार लावले जाते, तर कोठे मांजराला पिशवीत घालून मासळी बाजाराच्या कडेला सोडले जाते. सोडणाऱ्याचे मन त्याला सांगत असते की, रिज्क देणारा अल्लाह आहे, येथे तिला काही ना काही मिळेलच.

रिज्क देणारा अल्लाह आहे, यात शंका नाही. सूरह हूदच्या सहाव्या आयतीत प्रत्येक सजीवाच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने स्वतःकडे घेतली आहे. परंतु या आयतीचा आधार घेऊन दार लावण्यापूर्वी एक सुप्रसिद्ध हदीस आठवावी. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत माननीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्याकडून ती आलेली आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, ते मरण पावले आणि त्या कारणाने ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिचा अपराध फार नेमकेपणाने मांडला आहे. तिने मांजराला स्वतः खाऊपिऊ घातले नाही आणि जमिनीवरील किडेमुंग्या खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. म्हणजे अल्लाहने त्या जिवाच्या रिज्कची जी वाट ठेवली होती, ती वाट तिने बंद केली. मांजर पाळणे हा तिचा दोष नव्हता. वाट बंद केल्यानंतर त्या रिज्कची जबाबदारी आपल्या हातावर आली, हे तिने ओळखले नाही, हा तिचा दोष होता.

पिंजऱ्याचे दार, सदनिकेची जाळी, गोठ्याचे दावे, या सर्वांचा अर्थ हाच आहे. जो कोंडतो, तो पोशिंद्याची जबाबदारी पत्करतो. आपण गावाला गेलो म्हणून ती जबाबदारी सुटीवर जात नाही.

येथे कोणी म्हणेल की, आम्ही कोंडले कोठे? आम्ही तर सोडून दिले. त्या हदीसमधील दुसरा मार्ग आम्ही स्वीकारला. या युक्तिवादाचा शांतपणे विचार केला पाहिजे. हदीसमधील मोकळीक ही आपले अन्न शोधू शकणाऱ्या जिवासाठी आहे. जे मांजर डोळे उघडल्यापासून आपल्या ताटाजवळ वाढले, ज्याने कधी उंदीर धरला नाही, वाहनांचा रस्ता ओलांडला नाही, भटक्या कुत्र्यांना तोंड दिले नाही, त्याला मोकळे सोडणे म्हणजे मोकळीक नव्हे. आपण त्याला हातचे खाऊ घालून त्याची स्वतःची वाट आधीच बंद केली आहे. त्याच्या गळ्यात दोरी नसली, तरी ते बांधलेलेच आहे. पिंजऱ्यात वाढलेल्या लव्हबर्डला मे महिन्याच्या उन्हात उडवून देणे हे पुण्य वाटते, पण अन्न शोधण्याची सवय नसलेला तो पक्षी बाहेर फार काळ तग धरत नाही. देशाचा कायदाही येथे शरीअतच्या जवळ येतो. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या ११ व्या कलमानुसार, भुकेने किंवा तहानेने वेदना होतील अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे. ज्याला केवळ दंडाची भीती आहे, त्याला हा कायदा रोखू शकत नाही. ज्याला आखिरतच्या हिशेबाची जाणीव आहे, त्याच्यासाठी वरील हदीस पुरेशी आहे.

आपल्या फुकहांनी या विषयाचा बारकाईने विचार केला आहे. कोकणातील मुस्लिमांत बहुसंख्य लोक शाफई मसलकाचे आहेत. शाफई फिकहनुसार मालक जनावराला चारापाणी देत नसेल, तर काझी त्याला भाग पाडू शकतो. त्याने चारा द्यावा, जनावर विकावे किंवा खाण्यास वैध असल्यास जबह करावे. हनफी फिकहच्या प्रसिद्ध मतानुसार काझी सक्ती करणार नाही, परंतु अल्लाहसमोर ही जबाबदारी मालकावर वाजिब आहे, इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या मते तर सक्तीही करता येते. मतभेद आहे तो सक्ती कोणी करावी याविषयी. जबाबदारी आहे की नाही, याविषयी नाही.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या आणि अधिक कठीण भागाकडे वळू. प्राणी म्हातारा झाला, तर काय?

मराठीत दूध आटलेल्या गाईम्हशीला ‘भाकड’ म्हणतात. निरर्थक गोष्टीला ‘भाकडकथा’ म्हणण्याची रीतही आपल्या भाषेत आहे. जे देत नाही ते व्यर्थ, असा हिशेब भाषेतच रुजला आहे. पण याच मराठीत ‘मुके जनावर’ असाही शब्द आहे आणि त्यात करुणा आहे. हाच भाव अबू दाऊदच्या संग्रहातील एका हदीसमध्ये आढळतो. पोट पाठीला टेकलेला एक उंट पाहून प्रेषित (स.) यांनी, या मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगा, अशी ताकीद दिली. जो बोलू शकत नाही, त्याची तक्रार ऐकणारा अल्लाह आहे, हा त्याचा अर्थ. आपल्याला निवड करायची आहे ती या दोन शब्दांमध्ये. दारातील म्हातारे जनावर आपल्यासाठी भाकड आहे की मुके?

सहीह मुस्लिममध्ये अज्बा नावाच्या सांडणीचा प्रसंग आला आहे. शत्रूंच्या कैदेत सापडलेली एक अन्सारी महिला रात्री निसटली. ती ज्या उंटाजवळ जाई तो ओरडू लागे. अज्बा मात्र शांत राहिली. तिच्या पाठीवर बसून ती महिला मदीनेस सुखरूप पोहोचली. वाटेत तिने नवस बोलला होता की, अल्लाहने वाचवले तर हिलाच जबह करीन. हे समजल्यावर प्रेषित (स.) यांनी आश्चर्य व्यक्त केले आणि, तिने या सांडणीला किती वाईट मोबदला देऊ केला, अशा अर्थाचे उद्गार काढले. तो नवस पूर्ण करण्यास त्यांनी मनाई केली. ती सांडणी त्या महिलेच्या मालकीची नव्हती, हेही मनाईचे एक कारण होते. परंतु ‘मोबदला’ हा विचार येथे लक्षात घेण्यासारखा आहे. जनावराने केलेल्या सेवेची नोंद राहते, त्याचे ऋण असते आणि ते वाईट रीतीने फेडता येत नाही, हे या उद्गारांतून स्पष्ट होते.

याच विचाराला शाफई विद्वान इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू हिजरी ६६०, इ.स. १२६२) यांनी नियमाचे रूप दिले. ‘कवाइदुल अहकाम’ या ग्रंथात जनावरांचे मानवावरील हक्क सांगताना ते पहिल्याच ओळीत पोषणाचा हक्क नमूद करतात आणि जनावर म्हातारे किंवा इतके आजारी झाले की त्याचा काहीही उपयोग उरला नाही, तरी हा हक्क कायम राहतो, असे स्पष्ट करतात. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीचे हे मत आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. उपयोग हे प्राणी ठेवण्याचे कारण असू शकते, पण त्याच्या हक्काचा आधार उपयोग नाही. तो सजीव आहे आणि आपल्या ताब्यात आहे, हा त्या हक्काचा आधार आहे.

म्हणून वाडीची राखण करता करता म्हातारा झालेला कुत्रा हाकलून देण्याचा अधिकार बागायतदाराला नाही. केवळ हौसेखातर घरात कुत्रा ठेवण्यास हदीसने मनाई केली आहे. शिकार, गुरांची आणि शेताची राखण यांसाठी परवानगी आहे. या मर्यादा आपण पाळाव्यात. मात्र कुत्रा न पाळणे वेगळे आणि त्याच्यावर दया न करणे वेगळे. तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्याला एका वाटसरूने विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून पाजले आणि अल्लाहने त्याला क्षमा केली, ही हदीस आपण मुलांना सांगतो. तो कुत्रा त्या माणसाचा नव्हता, त्याच्या कामाचा नव्हता, पुन्हा भेटणारही नव्हता. सहाबांनी विचारले की, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला मोबदला आहे काय? तेव्हा प्रत्येक सजीव प्राण्याच्या बाबतीत मोबदला आहे, असे उत्तर मिळाले.

या हदीसच्या प्रकाशात, दुसऱ्याने टाकून दिलेला म्हातारा जीव घरी आणणे हे मोठे सत्कर्म ठरते. मांजराचे गोजिरवाणे पिल्लू सर्वांनाच हवे असते. ते नेण्यात आपली हौसही भागते. दहा वर्षांची, दात झिजलेली मांजर नेण्यात हौसेचा भाग कमी आणि दयेचा भाग अधिक असतो. तिचा स्वभाव ठरलेला असतो, ती फार उड्या मारत नाही, घरातील वृद्धांच्या शेजारी तासन्‌तास बसून राहते. अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजराला पिण्यासाठी तिरपे केले होते आणि ती नापाक नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे, हे प्रेषितवचन सांगितले होते. घरात वावरणारी म्हणून जिची गणना झाली, तिचे वय पाहून तिला बाहेर कसे काढावे?

टाकलेल्या व म्हाताऱ्या जनावरांची व्यवस्था करणे ही समाजाची जबाबदारी आहे, हे आपल्या शेजारच्या समाजांनी जाणले आहे. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. पुढे १८३४ मध्ये जमशेदजी जीजीभॉय आणि त्यांच्या गुजराती सहकाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभारली. इस्लामी इतिहासातही ही परंपरा आहे. कामातून गेलेल्या जनावरांना आयुष्यभर चरता यावे म्हणून दमास्कसमध्ये हिरवे कुरण वक्फ केलेले होते, असे सीरियाचे विद्वान मुस्तफा सिबाई यांनी लिहिले आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल की, माणसे उपाशी असताना मांजरावर खर्च कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जकातचा पैसा गरिबांचाच आहे. तो प्राण्यांवर खर्च करता येत नाही. परदेशी जातीचे मांजर हजारो रुपयांना आणून मिरवणे हे इसराफच्या जवळ जाते. परंतु जो जीव आधीच आपल्या दारात आहे, त्याचा घास हा चैनीचा खर्च नाही, ते आपल्यावरील देणे आहे. झेपणार नसेल तर पाळू नये. पाळल्यावर गरिबांचे नाव पुढे करून सुटका करून घेऊ नये. जो मुक्या जिवाची भूक ओळखतो, तो शेजाऱ्याच्या भुकेकडे पाठ फिरवील, असे सहसा घडत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. म्हातारी मांजर पिशवीत घालून नेली जाते, तेव्हा मुले पाहत असतात. माणूस आणि जनावर यांचा दर्जा एक नाही. पण निरुपयोगी झालेल्याचे काय करायचे असते, हा धडा मूल तेथेच शिकते. सूरह बनी इस्राईलच्या २३ व्या आयतीत वृद्ध आईवडिलांसमोर ‘उफ’ देखील न काढण्याची आज्ञा आहे. ज्या घरात दुबळ्याविषयी सहनशीलता मुरलेली असते, त्या घरात ही आज्ञा पाळणे सोपे जाते.

म्हणून येत्या सुटीपूर्वी थोडी तजवीज करावी. मांजराला प्रवासापेक्षा आपली ओळखीची जागा अधिक मानवते. तेव्हा विश्वासू नातेवाईक किंवा शेजारी रोज एकदा घरी येऊन खाणेपाणी पाहील, अशी व्यवस्था उत्तम. केवळ भांडे भरून ठेवणे पुरेसे नाही. उन्हाळ्यात दूध नासते, पाणी सांडते आणि दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराचे यकृत बिघडू शकते. स्वच्छ पाण्याची दोन भांडी वेगवेगळ्या जागी ठेवावीत, खिडकीच्या जाळ्या तपासाव्यात, पिंजरा उन्हात राहणार नाही हे पाहावे. सोबत नेणार असाल तर हवेशीर टोपली घ्यावी आणि बंद गाडीत जिवाला क्षणभरही एकटे सोडू नये. रेबीजची लस वेळेवर द्यावी, पशुवैद्याचा क्रमांक सांभाळणाऱ्याजवळ ठेवावा. दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांच्या आवाजाने प्राणी बिथरून पळतात, त्यांना आतल्या खोलीत ठेवावे. म्हाताऱ्या प्राण्याला मऊ अन्न आणि उबदार, सखल जागा द्यावी. तो अचानक जास्त पाणी पिऊ लागला किंवा खाणे सोडले, तर ‘वय झाले’ म्हणून न थांबता पशुवैद्याला दाखवावे. आणि जो शेजारी आपल्या मांजराची काळजी घेतो, त्याच्या घराची काळजी आपणही कधी घ्यावी.

कियामतच्या दिवशी आपल्याला आपल्या ताब्यातील प्रत्येक अमानतीबद्दल विचारले जाईल. त्यांत धन असेल, संतती असेल आणि ज्याला आपल्याविरुद्ध एक शब्दही बोलता आला नाही, असा एखादा मुका जीवही असेल. कुलूप लावताना त्याची आठवण राहावी. अल्लाह आपणा सर्वांना दुबळ्यांचे हक्क ओळखण्याची आणि ते निभावण्याची सद्‌बुद्धी देवो. आमीन.