स्वहस्तें दुरुस्ती आणि दुसऱ्याचा जीव

मोटारीच्या मागल्या आंसाचे कमानी पाटे मालकानें घरच्या अंगणांतच बदलावे कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां नीतिशास्त्राचा वाटत नाहीं, हिशेबाचा वाटतो. मजुरी वांचते, आणि माहूरसारख्या गांवीं तर वेळहि वांचतो. कारण नांदेड तेथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, आणि तुटक्या पाट्यानिशीं तेवढी वाट चालणें शहाणपणाचें नव्हे. शिवाय आपल्याकडे स्वावलंबनाची स्तुति इतकी झाली आहे कीं, स्वतः पाना हातीं धरणाऱ्यास कोणी दोष देईल ही कल्पनाच कोणास शिवत नाहीं. आम्हीहि दोष देत नाहीं. परंतु ज्या आधारावर तो आपला हक्क सांगतो, तो आधार आम्हांस अपुरा वाटतो.

'गाडी माझी, हात माझे, जीव माझा' असें तो म्हणतो. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी अर्धीच खरी आहे. इंग्रज तत्त्वज्ञ मिल्ल यानें १८५९ सालीं स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथांत स्वतःपुरती राहणारी कृति व दुसऱ्यास पोंचणारी कृति यांत भेद केला, आणि आगरकरांवर त्याच्या विचारांचा पगडा होता हें वाचकांस ठाऊकच आहे. आतां माहुरांत मोटार कोणास घेऊन जाते तें पाहा. रेणुकेचें देऊळ डोंगरावर, दत्तशिखर डोंगरावर, अनसूयेचें स्थानहि डोंगरावर. घरीं पाहुणे आले कीं त्यांस वर नेणें हा यजमानाचा धर्म. घाटाच्या चढणीला भार मागें सरतो, आणि मागल्या आसनावर कोण बसतें? शेजारची म्हातारी मावशी, तिची नात, आणि प्रसादाची पिशवी.

कायद्याचें येथें फारसें साह्य नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें चालकास परवाना सक्तीचा केला, भाड्याच्या वाहनास योग्यतेचा दाखला लावला. पण आपल्या खासगी गाडीचा नट स्वतः आंवळणाऱ्यास 'तूं कोण?' असें कोणी विचारीत नाहीं.

काम तसें अगम्य नाहीं. २०१४ सालीं जिचें उत्पादन थांबलें ती अँबॅसडर असो किंवा आज खेडोपाडीं दिसणारी बोलेरो असो, दोहोंच्या मागें पोलादी पट्ट्यांचीच कमान. पण त्यांतील बारकावे मनुष्याच्या स्वभावाची परीक्षा पाहणारे आहेत. हातब्रेक मागल्या चाकांस धरतो. मागली बाजू उचलली कीं तो निरर्थक होतो, म्हणून पुढल्या चाकांस दोन्हीकडून दगड हवे, आणि गाडीचा भार जॅकवर न ठेवतां घोड्यांवर टेंकवावा लागतो. पाट्यांच्या मधल्या बोल्टाचें डोकें आंसावरील भोंकांत बिनचूक बसलें पाहिजे. नाहींतर आंस तिरका होतो. आणि रबरी बुशांतले बोल्ट चाकें अधांतरीं लोंबत असतांना पुरते आंवळले, तर गाडी खालीं येतांच रबर पिळतें व लौकर फाटतें. म्हणून शेवटचें आंवळणें कमानीवर भार घेऊनच करायचें असतें. ही गोष्ट माहीत असणें सोपें आहे. दिवस मावळला आहे, हात ग्रीसनें माखले आहेत, घरांतून जेवायला हांक येते आहे, अशा वेळीं तेवढ्यासाठीं पुन्हां गाडीखालीं निजणें कठीण! दोन्ही परींनीं आंवळलेला बोल्ट बाहेरून सारखाच दिसतो.

कोणी म्हणेल, पगारी मिस्त्रीचें काम तरी कोण पाहतो? आक्षेप खरा आहे, आणि मजुरी दिली म्हणजे जबाबदारी विकून टाकली असें आम्ही मुळींच मानीत नाहीं. तरीहि एक अंतर उरतें. मिस्त्रीवर मालकाचा संशयी डोळा असतो. स्वतः मिस्त्री झालेल्या मालकाचा तोच डोळा एकाएकी उदार होतो. घामाचे पैसे वांचवून केलेलें काम वाईट असूं शकतें हें कोणास पटेल? न्यायाधीश व वादी एकाच सदऱ्यांत बसले, दुसरें काय! तेव्हां दुसरा डोळा मागावा लागतो. तो शिकलेल्या इंजिनियराचाच असावा असें नाहीं. ट्रॅक्टरची कामें करणारा शेजारी 'दाखव पाहूं' म्हणाला तरी पुष्कळ.

मग मावशीस सांगावें का? सांगावेंच, तिचा तो हक्क आहे. पण सांगून ओझें उतरत नाहीं, उलट वाढतें. ती म्हणणार, "तूं केलंस ना, मग चांगलंच असेल, बाळा." तिची ती संमति परीक्षेनंतरची नसून मायेची आहे, आणि मायेची संमति कोणत्याहि न्यायालयांत टिकूं नये. म्हणून पहिल्या खेपेस मागल्या आसनावर मावशी नको. तिच्या व तिच्या नातीच्या वजनाइतकीं ज्वारीचीं पोतीं घालावीं, आणि घाट एकदां चढून उतरावा. खालीं आल्यावर गाडी सपाटीवर उभी करून यू-बोल्टांचे नट पुन्हां तपासावे. नव्या पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर बसल्या कीं ते थोडे सैल पडतात. पाना लावतांच बहुधा पाव फेरा तरी फिरतोच.