टक्कल हा रोग आहे काय?

केस गळू लागले की माणूस जे प्रश्न विचारतो ते बहुधा ठरलेले असतात. रोज किती केस गळणे स्वाभाविक? तेल लावल्याने नवे केस उगवतात काय? एकदा तुळतुळीत गोटा केला तर केस दाट येतात हे खरे काय? औषध किती दिवस घ्यावे लागेल? या प्रश्नांना आज बऱ्यापैकी निश्चित उत्तरे आहेत. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात, त्यांतले ५० ते १०० रोज गळतात आणि त्यांची जागा नवे घेतात. गोटा केल्याने केसांच्या मुळांची संख्या वाढत नाही. कापलेले टोक बोथट असल्यामुळे नवा केस हाताला जाड लागतो, इतकेच. तेलाने केस मऊ राहतात, तुटत कमी असतील. पण मूळच सुकत चालले असेल तर माका, जास्वंद, आवळा यांपैकी काहीही त्या मुळाला परत उभे करते असा भरवशाचा पुरावा नाही. आजीने डोक्यावर थापलेल्या तेलाने जे मिळाले ते केसांपेक्षा अधिक मोलाचे होते, हा भाग निराळा.

या सर्व प्रश्नांच्या बुडाशी असलेला एक प्रश्न मात्र कोणी डॉक्टरांना विचारीत नाही, आणि विचारला तरी तो त्यांच्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. केस गेले म्हणून उपचार करणे योग्य की अयोग्य? वयाने जे न्यायचे ते नेले, त्याच्याशी भांडणे हा विवेक की बालिशपणा?

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांच्या दिवाणखान्यांतून पूर्वजांच्या तसबिरी अजूनही टांगलेल्या दिसतात. कोणाच्या डोक्यावर होळकरी पगडी, कोणाच्या शिंदेशाही, कोणाचा फेटा. या तसबिरींतला कोणता पुरुष टकला होता हे आज सांगता येत नाही, आणि त्या काळी घराबाहेरच्या माणसालाही ते फारसे कळत नसावे. उघड्या डोक्याने चारचौघांत जाणे हेच मुळी अशिष्ट. शिवाय डोक्यावर शेंडी आणि घेरा तेवढा राखून बाकीचे डोके न्हाव्याकडून नियमित भादरून घेण्याची चाल होती. जेथे सर्वांचेच डोके अर्धेअधिक गुळगुळीत, तेथे कोणाचे निसर्गाने झाले आणि कोणाचे वस्तऱ्याने, याची चौकशी करण्यात अर्थ नव्हता. पगडी उतरली, शेंडी गेली, भांग आला, आणि मग टक्कल दिसू लागले. म्हणजे टकलाचे दुःख जितके जुने वाटते तितके ते, निदान आपल्या पुरुषांपुरते, जुने नाही. त्याचा बराचसा भाग वेशभूषेतील एका बदलाने जन्माला घातलेला आहे.

याचा अर्थ पूर्वी कोणाला त्याची खंत नव्हती असा नव्हे. सुश्रुताने इंद्रलुप्ताची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. तेथील मीमांसा मोठी वाचनीय आहे: वातासह पित्त रोमकूपात शिरून केस पाडते आणि मग रक्तासह कफ ती छिद्रे बुजवून टाकतो, म्हणून नवा केस येत नाही. भर्तृहरीच्या नीतिशतकात तर एक टकला माणूस उन्हाने डोके तापले म्हणून झाडाखाली आश्रयाला जातो आणि नेमके वरून फळ पडून त्याचे डोके फुटते. कवीला तेथे दैवाची गती सांगायची आहे. पण दुर्दैवी माणूस म्हणून त्याला टकलाच सुचावा हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या दुःखाला लोक हसतात ते सहन करणे अधिक अवघड. ताप आलेल्याची कोणी थट्टा करीत नाही.

टक्कल का पडते याचे आधुनिक ज्ञानही काहीशा आडवाटेने आले. नपुंसकांना टक्कल पडत नाही हे निरीक्षण हिपोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत आहे. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने त्याचा पाठपुरावा केला. वयात येण्यापूर्वीच वृषणांचे कार्य थांबलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि ज्यांच्या घराण्यात ते आहे अशांना पुरुष-संप्रेरक दिले तर पडू लागते, असे त्याला आढळले. पुढे १९७४ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मतः एका विकराची उणीव असलेल्या तेथील पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत आणि केसही मागे हटत नसत. त्यावरून फिनास्टेराइड हे औषध निघाले. अमेरिकेत १९९२ साली ते प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली, कमी मात्रेत, टकलासाठी मान्य झाले. मिनॉक्सिडिलची कथा याहून गमतीची. ती रक्तदाबाची गोळी. घेणाऱ्यांच्या अंगावर नको तेथे केस उगवू लागले, आणि त्या नकोशा परिणामाचेच १९८८ साली तेथे डोक्याला लावण्याचे औषध झाले.

दोन्ही औषधांचा एक गुण सारखा आहे. ती चालू असेपर्यंतच उपयोगी पडतात. थांबवली की काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, मिळवलेले ओसरते. मिनॉक्सिडिलने तर पहिल्या काही आठवड्यांत केसगळती वाढलेली दिसते आणि तेवढ्यानेच पुष्कळ लोक घाबरून ते सोडतात. फिनास्टेराइडने काही पुरुषांत कामेच्छा मंदावणे, क्वचित मन खिन्न होणे, असे परिणाम नोंदले गेले आहेत. गर्भवतीला तर त्या गोळीचा चुराही वर्ज्य. तेव्हा बावीस वर्षांचा एखादा तरुण ही गोळी सुरू करतो तेव्हा तो खरे पाहता पुढील तीसचाळीस वर्षांचा करार करीत असतो. तो करार कशाशी? ययातीने पुरूचे तारुण्य घेतले तेव्हा निदान देणारा समोर उभा होता. येथे तारुण्याचे देणे रोज सकाळी पाण्याच्या घोटाबरोबर स्वतःकडूनच वसूल करावयाचे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, हे सारे सोडून द्यावे, केस म्हणजे केवळ देहाचा डामडौल. आपल्या संस्कारांत हे उत्तर तयारच असते आणि ते सात्त्विक दिसते. मला ते मान्य नाही, आणि त्याचे कारण आपल्याच समाजाच्या इतिहासात आहे.

केस क्षुल्लक असते तर विधवेचे केस काढण्याचा एवढा अट्टाहास का केला गेला? तिचे दागिने काढले, कुंकू पुसले, तेवढ्याने भागले नाही. दर काही दिवसांनी न्हाव्यापुढे बसवून डोके भादरणे आवश्यक वाटले. केस गेले की स्त्रीचा संसारातील अधिकार, तिचे स्वतःचे असे रूप, माणसांत मान वर करून वावरण्याचे बळ, सारे जाते हे त्या रूढीला नेमके ठाऊक होते. आगरकरांनी या चालीवर आसूड ओढले. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. विद्वानांचे वाद चालू असताना ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यावी तितकी आली नाही. पार्वतीबाई आठवले यांच्या आत्मकथनात पुन्हा केस राखण्याचा निर्णय त्यांना किती जड गेला हे वाचावयास मिळते. केस काढणे ही शिक्षा होती, तशी ते वाढवणे ही निर्भयतेची कृती होती. ज्या समाजाने केसांवर एवढा भार टाकला त्याने आज केस विरळ झालेल्या मुलीला ‘एवढे काय त्यात’ म्हणावे, हे बरे दिसत नाही.

आणि हा भार अजून उतरलेला नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव व आसपासच्या गावांतून अडीचशेहून अधिक लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून गेले. आधी डोक्याला खाज, मग हाताला झुपके, मग टक्कल. आरंभी पाण्यावर संशय होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आणि जस्ताचे घटलेले असल्याचे दाखवून रेशनवर आलेल्या गव्हाकडे बोट दाखवले. पुष्कळांचे केस नंतर परतू लागले. पण मधल्या काळात त्या गावांतल्या मुलींनी शाळा-महाविद्यालयांत जाणे थांबवल्याच्या, ठरत आलेली लग्ने अडल्याच्या बातम्या येत होत्या. विषबाधा झालेल्या माणसाला आधी लाज वाटते आणि मग तो रक्त तपासायला जातो, ही स्थिती विचार करायला लावणारी आहे. येथे ‘देहाचा मोह सोडा’ हा उपदेश केवळ निरुपयोगी नव्हे, घातक ठरला असता. कारण त्या गळलेल्या केसांनीच काहीतरी चुकते आहे याची वर्दी दिली होती.

केसगळती ही अशी वर्दी पुष्कळदा असते. टायफॉइड, डेंग्यू, कोविड किंवा बाळंतपण यांनंतर दोनतीन महिन्यांनी केस भराभर जातात आणि बहुधा आपोआप परततात. रक्तातले लोह कमी झाले, थायरॉइड बिघडली तरी जातात, आणि ते दुरुस्त केले की थांबतात. चाई पडते ती आणखी निराळी. तेथे शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उठते, आणि तिच्या तीव्र रूपावर २०२२ पासून पोटात घेण्याची नवी औषधे मान्य झाली आहेत. घराण्यातून येणारे टक्कल मात्र यांपैकी कशातच बसत नाही. ते केवळ आजोळकडून येते हाही गैरसमजच, दोन्ही कुळे आपापला वाटा उचलतात. तेव्हा ‘टक्कल हा रोग आहे काय’ याला एकच उत्तर नाही. पण कोणत्या प्रकारचे हे ठरवण्याआधीच ‘स्वीकारा’ किंवा ‘इलाज करा’ म्हणणारे दोघेही घाई करतात.

यातली सर्वांत कुरूप गोष्ट टक्कल नव्हे, त्याचा बाजार आहे. आपल्या कायद्याने हे बरेच आधी ओळखले होते. औषधे व प्रसाधने नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात जे विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये अशी यादी आहे, त्यात टक्कल आहे, नवे केस उगवणे आहे, अकाली पांढरे होणेही आहे. तरी वर्तमानपत्राचे पान उलटले की महिन्याभरात केसांची हमी देणारी बाटली हजर. केस महिन्याला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतो, एवढे ठाऊक असलेला माणूसही ती विकत घेतो, कारण लाजेला हिशेब येत नाही. केसरोपणाचे त्याहून पुढचे. डोक्याच्या मागच्या बाजूची मुळे पुढे लावली तरी आपला टिकाऊ स्वभाव सोडत नाहीत, हे तत्त्व न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली मांडले आणि ते खरे आहे. पण ती शस्त्रक्रिया आहे, केशकर्तन नव्हे. गल्लोगल्ली निघालेल्या केंद्रांत ती कोण करतो हे विचारण्याचा धीर लाजेने आलेल्या माणसाला होत नाही. देशात यातून मृत्यूही झाले आहेत. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला, नुसत्या कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहून हे कौशल्य येत नाही, असे सांगावे लागले.

राहिला टोप. दक्षिणेत तिरुमलाच्या डोंगरावर रोज हजारो भक्त केस अर्पण करतात. देवस्थान ते लिलावाने विकते आणि त्यांतले लांब केस देशोदेशींच्या टोपांत जातात. २००४ साली इस्रायलमधील कर्मठ धर्मगुरूंनी असे टोप निषिद्ध ठरवले, कारण ते अन्य देवतेला वाहिलेले. तेव्हा काही ज्यू स्त्रियांनी आपले टोप रस्त्यावर जाळले. एकीने अहंकार सोडण्यासाठी दिलेले केस दुसरीने विनयासाठी घालावेत आणि तिसऱ्याने ते भ्रष्ट म्हणावेत! केसांचा स्वतःचा असा काही धर्म नाही एवढे यावरून दिसते.

म्हणून टोप घालणे म्हणजे खोटे बोलणे, असे मी म्हणणार नाही. कर्करोगाच्या औषधांनी केस गेलेली बाई टोप घालून भाजी आणायला जाते ती भाजीवाल्याला फसवीत नाही. आपल्या आजाराची चौकशी रस्त्यावर होऊ नये एवढेच तिला हवे असते, आणि तो तिचा हक्क आहे. आपल्या तसबिरींतल्या पगड्या तरी दुसरे काय करीत होत्या? पण आपल्या विखुरलेल्या मराठी मंडळींत अजूनही वधू-वर मेळावे भरतात, आणि तेथे हा प्रश्न निराळा होतो. ज्या व्यक्तीबरोबर एका छपराखाली आयुष्य काढावयाचे तिला टोपाचे सत्य लग्नानंतर कळावे, ही फसवणूक आहे, केस कितीही क्षुल्लक असोत. भाजीवाल्याला जे सांगणे लागत नाही ते तिला सांगणे लागते. आणि मुलाने ते आधी सांगितल्यावर मुलीकडच्या ज्येष्ठांनी बैठक मोडली, तर पुढचा मुलगा काय करील याचा विचार त्या ज्येष्ठांनीही करावयास हवा.