आवळण्याचे माप

‘बोल्ट नीट आवळ’ ही आज्ञा बेळगावच्या गॅरेजांतून दिवसभर ऐकू येते. ती ऐकणाऱ्या पोराला तिचा अर्थ विचारला तर तो म्हणेल, ‘घट्ट आवळ.’ नीट आणि घट्ट हे दोन शब्द त्याच्या लेखी एकच आहेत. आणि खरे सांगावयाचे तर आपणा सुशिक्षितांच्या लेखीही ते फारसे निराळे नसतात. मनापासून केलेले काम म्हणजे अधिक जोर लावून केलेले काम, अशी आपली एक जुनी समजूत आहे. ती कितपत टिकते हे तपासण्यासाठी मी येथे स्वयंचलित गिअर असलेल्या मोटारीच्या गिअरबॉक्सचे बोल्ट हे उदाहरण घेत आहे. नीतिविचाराला असा तेलकट विषय शोभत नाही असे ज्यांना वाटेल त्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे की, माणसाचे बहुतेक सदाचरण आणि दुराचरण अशाच तेलकट जागी घडत असते.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. तेलाच्या दाबावर आपले आपण गिअर बदलणारी पेटी जनरल मोटर्सने १९३९ साली बाजारात आणली आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांना ती प्रथम बसली. आपल्याकडे अशा गाड्या पुष्कळ वर्षे श्रीमंतांपुरत्याच होत्या. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून मध्यमवर्गाला क्लच न दाबता गाडी चालविण्याची सवय लागली. पण त्या गाडीत साध्याच गिअरबॉक्सचा क्लच यंत्राकरवी दाबला जातो, तो प्रकार वेगळा. मी बोलत आहे ती जात तेलावर जगणारी आहे. तिच्या तळाशी बहुधा पत्र्याची एक उथळ परात असते. गॅरेजातील मंडळी तिला ‘चेंबर’ म्हणतात. परात आणि वरची अ‍ॅल्युमिनियमची पेटी यांच्यामध्ये पॅकिंग असते आणि कडेने पंधरा-वीस लहान बोल्ट. पणजीहून चोर्ला घाट चढून येणारी किंवा निपाणीजवळचा तवंदी घाट उतरणारी अशी गाडी सारे गिअर या परातीतील लालसर तेलाच्या भरवशावर बदलत असते. तेल गळून कमी झाले की पंप हवा ओढू लागतो, दाब पडतो, आतल्या क्लचच्या चकत्या घसरतात, तापतात आणि जळतात. मग दुरुस्तीचा खर्च ऐकून मालकाला घाम फुटतो.

ते बोल्ट किती आवळायचे? बहुधा सहा मिलिमीटर जाडीच्या या बोल्टांना पुष्कळ कंपन्या दहा न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ सांगतात. नेमका आकडा ज्या त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा लागतो, पण अंदाज यावा म्हणून सांगतो: एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगले असता जेवढा पीळ पडेल, जवळजवळ तेवढाच. चाकाच्या नटांना याच्या सुमारे दहापट पीळ लागतो. सकाळपासून चाके काढणारा-बसवणारा हात दुपारी चेंबरखाली गेला की त्याला हे बोल्ट किती नाजूक आहेत याचा विसर पडतो. बोल्ट पोलादाचा आणि भोकातील आटे अ‍ॅल्युमिनियमचे. ओढाताण झाली तर हार कोणाची व्हायची हे आधीच ठरलेले आहे.

बोल्ट आवळणे म्हणजे त्याला किंचित ताणणे. ताणलेला बोल्ट स्प्रिंगप्रमाणे आखडू पाहतो, आणि त्या आखडण्याच्या इच्छेतच दोन वस्तूंना धरून ठेवण्याची शक्ती असते. परंतु आपण पान्याला दिलेल्या जोराचा निम्मा भाग बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चार दशांश आट्यांच्या घर्षणात, आणि खरी धरणूक निर्माण करण्याच्या कामी येतो तो जेमतेम एक दशांश. अभियंत्यांचा हा ढोबळ हिशोब आहे. म्हणून हाताला जाणवणारा विरोध हा घट्टपणाचा पुरावा नव्हे. आटे गंजलेले असतील तर हात थकतो आणि बोल्ट सैलच राहतो. आट्यांना तेल लागलेले असेल तर तेवढ्याच जोराने बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. कष्ट आणि फळ यांचे नाते इतके बेभरवशाचे असेल असे सहसा आपल्या मनात येत नाही.

आता जास्त आवळल्याचा परिणाम पाहा. परातीचा पत्रा बोल्टाच्या भोकाभोवती खोलगट होतो आणि दोन बोल्टांमधला भाग वर उचलला जातो. पॅकिंग एके ठिकाणी चिरडते, दुसऱ्या ठिकाणी मोकळे राहते, आणि तेल गळू लागते. गळती पाहून मिस्त्री काय करतो? आणखी आवळतो! एका बाजूचे सगळे बोल्ट एकदम पक्के करीत गेले तरी परात कलते. म्हणून पुस्तके सांगतात की, सर्व बोल्ट आधी बोटांनी लावावे, मग मधून कडेकडे, समोरासमोरचे घेत, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळावे. हे काम घाईचे नाही. आमच्या भागात तर भाषेनेच एक गंमत करून ठेवली आहे. येथल्या मराठीत ‘बिगी बिगी’ म्हणजे लवकर लवकर. कानडीत ‘बिगी’ म्हणजे घट्ट. एका मिस्त्रीच्या हाताखाली एक पोर मराठी आणि एक कानडी असेल, तर त्या एकाच शब्दावर एक जण घाई करील आणि दुसरा पिळून काढील, आणि बोल्टाच्या दृष्टीने दोन्ही वाईटच.

‘अति तेथे माती’ हे आपल्याला ठाऊक आहे, मग यात नवे काय, असे कोणी विचारील. म्हण खरी आहे, पण अति कोठे सुरू होते हे ती सांगत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने मध्यममार्ग सांगताना एक सावधगिरीची सूचना दिली होती: मिलो नावाच्या मल्लाला अपुरा पडणारा आहार नवशिक्याला जड होईल, तेव्हा मध्य हा अंकगणितातला मध्य नव्हे. आमच्या तालमींतून वाढलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. सैल आणि तुटेल इतके घट्ट यांच्या बरोबर मधोमध योग्य माप असते असे नाही; ते समोरच्या धातूवर, त्या पॅकिंगवर, त्या भोकावर अवलंबून असते. पान्यांची घडण पाहिली तर हे कारखानदाराने आधीच ओळखल्याचे दिसते. दहाचा पाना एकोणीसच्या पान्याहून आखूड असतो. लहान बोल्टाला लहान तरफ. जुने मिस्त्री तर दहाचा पानाही तोंडाजवळ धरतात. त्यावर पाईप चढवून लांबी वाढविणारा माणूस पाना घडविणाऱ्याने घातलेली मर्यादाच मोडतो.

परंतु माणूस जास्त का आवळतो, हा खरा प्रश्न आहे. ताकदीची हौस किंवा अज्ञान हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. माझ्या मते त्याच्या मुळाशी भीती आहे. बोल्ट सैल राहिला तर गळती आठ दिवसांत दिसते आणि मालक परत येऊन याच मिस्त्रीच्या दारात उभा राहतो. बोल्ट फाजील आवळला आणि आटे अर्धे ओढले गेले, तर आज काहीच दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी तेल बदलायची वेळ येते, दुसऱ्याच कोणा गॅरेजात चेंबर उघडले जाते, बोल्टाबरोबर अ‍ॅल्युमिनियमचे वेटोळे बाहेर येते, आणि मालक त्या दुसऱ्या माणसाला म्हणतो, ‘आजवर चांगली होती, तू हात लावलास आणि बिघडली.’ म्हणजे पहिल्याने स्वतःवरचा दोष टाळण्यासाठी तो अनोळखी माणसाच्या माथी मारला. वरून त्याचे हे कृत्य दक्षतेसारखे दिसते. मालकानेही ‘घट्ट कर हं’ असे बजावून त्याला उत्तेजनच दिलेले असते. दुष्टपणा येथे कोणाचाच नाही, तरी एकाचे पाप दुसऱ्याला भोगावे लागते.

येथे निपाणीच्या बिडीकामाची तुलना सुचते. टेंभुर्णीच्या ओलसर पानात तंबाखू भरून बाई बिडी वळते. फार घट्ट वळली तर ओढताना धूर येत नाही, सैल वळली तर तंबाखू झडतो आणि बिडी विझते. मध्ये कोठे थांबावयाचे याचे कोणतेही यंत्र तिच्या सुपात नसते. बोटांना ते कळते, आणि हजारो बिड्या वळल्यावरच कळते. पण फरक असा की, तिची चूक त्याच दिवशी तपासली जाते. वाईट बिड्या छाट म्हणून बाजूला पडतात आणि तिच्या हजारी मजुरीवर त्याचा भार येतो. अनेकदा तो अन्यायानेही येतो. छाटणीवरून या व्यवसायात तंटे झाले आहेत ते उगीच नव्हे. तिला आपल्या घट्ट-सैलाची किंमत संध्याकाळपर्यंत चुकवावी लागते, तर गाडीखालच्या माणसाची चूक वर्षानुवर्षे दुसऱ्यासाठी राखून ठेवलेली असते. ज्या कामात चूक करणारा आणि चूक भोगणारा यांच्यामध्ये इतका काळ पसरलेला असतो, त्या कामात शिस्त कोण लावणार? बाजार लावीत नाही, कारण मालक आजची गळती पाहतो. कायदा लावीत नाही, कारण पुरावा तेलात बुडालेला असतो. उरतो फक्त त्या माणसाच्या मनातला दुसरा माणूस, ज्याला तो कधी भेटणार नाही.

यावर उपाय म्हणून टॉर्क पान्याकडे बोट दाखविले जाते. ठरलेला पीळ झाला की तो ‘टक्’ करतो. लहान गॅरेजवाल्याला त्याची किंमत जड वाटते हे मान्य, पण एका बिघडलेल्या पेटीच्या खर्चापुढे ती काहीच नाही. ज्याच्याकडे पुरेसे काम आहे त्याने तो घेतलाच पाहिजे असे माझे मत आहे. कित्येक नव्या पेट्यांत बोल्ट अमुक पीळ देऊन पुढे अमुक अंश फिरवावे आणि एकदाच वापरून टाकून द्यावे असे सांगितलेले असते. तेथे तर अंदाजाला जागाच नाही. मात्र यंत्र आले म्हणजे विवेकाची सुटी झाली, असे कोणी मानू नये. कारण यंत्र मोजते तो विरोध. धरणूक मोजत नाही.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण मोटारीचे नसून विमानाचे आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मलागाकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कप्तानापुढची काच सतरा हजार फुटांवर निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला पायांनी धरून ठेवले, दुसऱ्या वैमानिकाने साउथॅम्प्टनला विमान उतरविले, आणि कप्तानासह सर्व जण वाचले. ती काच आदल्याच दिवशी पहाटे बदलली होती. तपासात आढळले की ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट ठरलेल्या जाडीपेक्षा सुमारे ०.०२६ इंच बारीक होते आणि उरलेले सहा ०.१ इंच आखूड. काम करणारा माणूस अनुभवी होता; रात्रपाळीला माणसे कमी म्हणून त्याने ते स्वतः अंगावर घेतले होते. त्याने जुना बोल्ट नव्याशी डोळ्यांनी ताडून पाहिला. त्याच्या हातात ठराविक पीळ झाल्यावर सुटणारे हत्यारही होते. परंतु बारीक बोल्ट आट्यांत घसरत होते, आणि ती घसरण त्याला हत्याराच्या सुटण्यासारखीच लागली. हत्यार खोटे बोलले नाही. त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा होता.

तेव्हा आटे पुसणे, भोकातील साचलेले तेल काढणे, बोल्ट लांबी-जाडीला तोच आहे हे पाहणे ही कामे टॉर्क पान्याच्या आधीची आहेत, आणि त्यांत ‘टक्’ असा आवाज कोणीच करीत नाही. चांगले मिस्त्री चेंबर उतरविताना पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढतात, त्याला भोके पाडतात आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचून ठेवतात.

याहून अवघड प्रसंग राहिलाच आहे. चेंबर उघडले, आणि एका भोकाचे आटे आधीच गेलेले निघाले. मागल्या कोणाच्या तरी हातचे. आता या माणसाने काय करावे? शीलरचा थर देऊन बोल्ट नुसता टेकवून बंद केले तर आजचा दिवस निभतो. मालकाला सांगितले तर संशय प्रथम त्याच्यावरच येतो. मी तर म्हणेन की त्याने हातातले काम तेथेच थांबवून, उरलेल्या बोल्टांना हात न लावता, मालकाला गाडीखाली बोलावावे आणि भोक दाखवावे. आटे पुन्हा करता येतात: भोक किंचित मोठे करून तारेच्या वेटोळ्याची बाही बसवतात, आणि पोलादी आट्यांचे ते भोक बहुधा मूळच्यापेक्षा मजबूत होते. त्याचे पैसे कोणी द्यावेत हा मात्र खरा पेच आहे. मालकाची चूक नाही, या मिस्त्रीची नाही, आणि ज्याची आहे तो सापडायचा नाही. मला वाटते, ते मालकाने द्यावेत, कारण गाडी त्याची आहे आणि मागच्या वेळी ‘घट्ट कर’ असे बहुधा तोच म्हणाला होता. पण हे त्याला पटवून देण्याचे काम मी कोणत्याही गरीब मिस्त्रीवर टाकणार नाही.

विमानांच्या आणि मोठ्या यंत्रांच्या कामात माप पूर्ण होताच बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढतात. बोल्ट पुढे हलला तर रेघ तुटलेली दिसते. न हलला तर पुढच्याला कळते की येथे कोणीतरी मोजून थांबला होता. मोटारीच्या गॅरेजात ही पद्धत फारशी दिसत नाही. रंगाची एक लहान डबी आणि काडी एवढेच तिला लागते.