झिंगणारा माणूस नको, यकृत दाखवा

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला नऊ महिने झाले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला पुन्हा परिषद भरली आणि मनुस्मृतीच्या दहनामुळे ती इतिहासात गेली. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांसमोर स्वतंत्र भाषण केलं, त्याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. स्वच्छ राहणीबद्दल, मुलींच्या शिक्षणाबद्दल ते बोलले. आणि नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका, असंही त्यांनी बजावलं. दारूची निंदा करणारे तेव्हाही पुष्कळ होते. या सांगण्याचं वेगळेपण असं की, ऐकणाऱ्या बाईने नेमकं काय करायचं आणि कधी करायचं, ते त्यात होतं. आणि ते तिच्या हातातलं होतं.

आज त्याच महाडात किंवा शेजारच्या पोलादपुरात महाविद्यालयातल्या मुलांना दारूबद्दल काही करायला सांगितलं, तर वाट ठरलेली असते. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर, दत्तक गाव, प्रभातफेरी, आणि एका संध्याकाळी देवळासमोर पथनाट्य. पथनाट्यात एक मुलगा शर्टाची बटणं वरखाली लावून झिंगत येतो. पुढे बसलेली पोरं खदखदा हसतात. झिंगण्याचा अभिनय जितका झकास, तितका हशा मोठा. शेवटी सूत्रधार 'दारू आरोग्यास घातक' असं ओरडून सांगतो आणि टाळ्या पडतात. घातक म्हणजे शरीरात कुठे, किती आणि कसं, हे करणाऱ्यांनी सांगितलेलं नसतं आणि बघणाऱ्यांनी विचारलेलं नसतं.

मुलांच्या कळकळीत इथे काही कमी नाही; माध्यम अपुरं पडतं. पथनाट्याला दिसणारी गोष्ट लागते, आणि दारूची दिसणारी गोष्ट म्हणजे झोकांड्या आणि भांडण. आरोग्याचं खरं नुकसान कातडीच्या आत होतं, आणि तेही वर्षानुवर्षं, आवाज न करता. म्हणून या विषयावर विद्यार्थ्यांच्या गटाने ॲनिमेशन करावं. नवं तंत्र हाताशी आलं, म्हणून हा आग्रह नाही. कॅमेरा जिथे पोचत नाही आणि नट जे दाखवू शकत नाही, ते चित्र दाखवू शकतं. शिवाय ते चित्र काढायचं तर काढणाऱ्याला आधी ती गोष्ट नीट समजून घ्यावीच लागते.

मराठी माणसाच्या डोक्यात दारूचं जे चित्र आहे, ते बरंचसं राम गणेश गडकऱ्यांचं आहे. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं, गडकरी गेल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत. सुधाकरची अधोगती, दळण दळून पोट भरणारी सिंधू, तळीरामाचं आर्यमदिरामंडळ हे सगळं शंभर वर्षं टिकून राहिलं. त्यात एक गोष्ट गडकऱ्यांनी फार जाणतेपणी केली: त्यांचा दारूडा बुद्धिमान वकील आहे. पण पाच अंकांच्या नाटकाला पडझड वेगाने घडवावी लागते. अब्रू, संसार, मूल, जीव या क्रमाने सगळं जातं आणि प्रेक्षक हळहळतो. पंधरा वर्षं रोज संध्याकाळी थोडी घेऊन वेळेवर कामावर जाणारा, कुणावर हात न उगारणारा माणूस मात्र या कथेत स्वतःला शोधतो आणि सापडत नाही. मग तो म्हणतो, आपलं तसं नाही. त्याचं यकृत मात्र त्याच्या सभ्यपणाची दखल घेत नाही.

या माणसासाठी सुरुवात मापापासून करावी. गटातल्या मुलांनी पहिल्याच बैठकीत वही-पेन घेऊन हा हिशेब मांडावा. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे सुमारे ७७ मिलिलिटर. वजनात तो साधारण ६१ ग्रॅम भरतो. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅम मद्यार्काला एक प्रमाणित पेय धरते, म्हणजे एका क्वार्टरमध्ये अशी सहा पेयं आली. आता बिअर घ्या. 'बिअर म्हणजे काय दारू आहे का' असं म्हणणाऱ्यांसाठी: आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, चार पेयं. निरोगी माणसाचं यकृत ढोबळमानाने तासाला एक पेय निपटतं, कुणाचं त्याहूनही हळू. रात्री दहाला संपवलेल्या क्वार्टरचा अंश पहाटे चारलाही रक्तात असू शकतो, आणि काळी कॉफी किंवा लिंबूपाणी त्या घड्याळाचा काटा पुढे सरकवत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी घाट चढणाऱ्या ड्रायव्हरला हा एक आकडा दहा घोषणांपेक्षा जास्त सांगून जातो. पडद्यावर हे किती सोपं आहे पाहा: एक बाटली, तिच्यातून बाहेर येऊन रांगेत उभे राहणारे सहा ठिपके, दर तासाला विझणारा एक.

पुढचं चित्र अवघड आहे आणि तिथेच गटाचा कस लागतो. यकृतात मद्यार्काचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचं ॲसिटेट. मधला पदार्थ विषारी. तो पेशींना आणि त्यांच्या डीएनएला इजा करतो. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला पहिल्या गटातल्या, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन अशा सात ठिकाणच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध आहे. जोडीला तंबाखू असेल तर तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. गावोगाव तंबाखूची गोळी दाढेत धरून बसणाऱ्यांच्या कोकणात ही गोष्ट स्वतंत्र दृश्याची मागणी करते.

यकृताचं नुकसान टप्प्याटप्प्याने होतं. आधी पेशींत चरबी साठते. दुखत नाही, खुपत नाही, आणि दारू थांबवली तर काही आठवड्यांत ही चरबी बहुतेकदा ओसरते. मग सूज येते. मग जखमांचे व्रण साठत जाऊन यकृत निबर होतं, तो सिरोसिस. पोट, आतडी आणि प्लीहा यांच्याकडून येणारं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात शिरतं. यकृत निबर झालं की त्याला वाट मिळत नाही. वाट अडली की काय होतं, हे महाडच्या मुलांना पुस्तकातून शिकवावं लागणार नाही. महाबळेश्वरला ढग फुटल्यासारखा पाऊस पडतो, गाळाने उथळ झालेल्या सावित्री नदीत पाणी मावत नाही, आणि तिला मिळणाऱ्या गांधारीचं पाणी मागे रेटलं जाऊन बाजारपेठेत शिरतं. जुलै २०२१ च्या पुरात या मुलांनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. कित्येकांच्या घरांच्या भिंतींवर ती पातळी दिसत होती. यकृतातही तसंच होतं: तुंबलेलं रक्त आडवाटा शोधतं, अन्ननलिकेतल्या नाजूक शिरा फुगतात, एखाद्या दिवशी फुटतात आणि रक्ताची उलटी होते. पोटात पाणी साठतं, तो जलोदर. सावित्रीच्या नकाशाचं हळूहळू यकृताच्या नकाशात रूपांतर होताना दाखवलं, तर महाड-पोलादपुरातल्या कोणत्याही आजीला शब्दही न बोलता कळेल. मुंबईत किंवा दिल्लीत बसून केलेल्या फिल्ममध्ये हे दृश्य येणार नाही, आणि महाडच्या मुलांनी फिल्म का करायची याचं उत्तरही इथेच आहे.

वर्षं सेकंदांत आणण्याची ही कला मराठी माणसाला परकी नाही. पूर्ण लांबीचा चित्रपट काढण्याआधी, १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं चित्रित करून काही क्षणांत दाखवलं होतं आणि त्याच्या जोरावर भांडवल उभं केलं होतं. पुढे १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या एकेका फ्रेमने हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. त्याहून जुनी परंपरा दक्षिण कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत आहे. तिथले ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी उघडून एकेक चित्र पुढे धरतात आणि कथा गातात. त्यांच्याकडे चामड्याच्या छायाबाहुल्याही आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. स्टोरीबोर्ड कसा असतो, हे मुलांना समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

करायला लागणारं सामान थोडं आहे. जाड कार्डबोर्डमधून कापलेली माणसं, खांदा आणि कोपर दोऱ्याने सैल बांधलेले, टेबलावर उलटा टांगलेला एक मोबाइल. दोन मिनिटांच्या फिल्मला सेकंदाला बारा चित्रं धरली तरी १४४० छायाचित्रं लागतात. खिडकी उघडी ठेवली की ऊन-सावलीमुळे चित्र लुकलुकतं, म्हणून खिडक्या बंद, दोन दिवे कायमचे लावलेले, आणि मोबाइलचा उजेड व फोकस एकाच जागी पक्के केलेले. वीज गेली की उजेड बदलतो आणि आधीचं दृश्य जुळत नाही. आवाज गोधडीखाली बसून नोंदवला तरी स्वच्छ येतो. या सगळ्यात आठवडे जातात, आणि ते जायलाच हवेत. एक मुलगी यकृत रंगवते, दुसरा विचारतो, हे उजवीकडे का काढलंस, तिसरा पुस्तक उघडतो. कार्डबोर्डची पेशी फुगवताना 'चरबी साठते' हे वाक्य कुणाला तोंडपाठ म्हणून चालत नाही; कुठे साठते, ते कापून दाखवावं लागतं. फिल्म गावाने पाहिली नाही तरी ती करणाऱ्या पाच-सहा मुलांचं काम वाया जात नाही. बहुतेकांची पहिली बाटली याच वयात समोर येते.

इथे एक धोका आहे आणि तो मोठा आहे. दारूडा काढायचा म्हटलं की हात आपोआप एका ठराविक माणसाकडे वळतो: उघडा, काळा, फाटक्या कपड्यांचा, वाडीवरचा. रायगड जिल्ह्यात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, कातकरी आदिवासी. या माणसांवर हा शिक्का इंग्रजांच्या काळापासून बसला आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने आणि पुढे ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांसाठी आलेल्या १८९२ च्या मोहाच्या फुलांवरच्या कायद्याने घरगुती मोहाची दारू गुन्हा ठरली आणि सरकारी मक्त्याच्या दुकानातली दारू अधिकृत. ज्यांच्या अंगणातलं फूल गुन्हा ठरलं, त्यांनाच पुढे पिणारी जमात म्हणून ओळखलं गेलं. फिल्ममधला माणूस क्लार्क असावा, औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा असावा, गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी असावा, रायगड किल्ला बघायला आलेल्या गाडीतला असावा. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात आणि पाच कोटी सत्तर लाख लोकांना तिच्यापायी मदतीची गरज आहे. एवढी माणसं एका वाडीवरची असू शकत नाहीत.

भीतीचंही असंच. कवटी, सरण, काळं संगीत, हे मुलांना पटकन सुचतं आणि पटकन बनतंही. पण नुसती भीती दाखवली आणि सुटकेची वाट दाखवली नाही, तर बघणारा नजर वळवतो. ज्याला खरी गरज आहे तो सगळ्यात आधी वळवतो. शिवाय भीतीच्या भरात एक वाक्य हमखास येतं, 'आजच सोडा', आणि ते धोक्याचं आहे. जो अनेक वर्षं रोज भरपूर पितो त्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात; दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कंप, भास आणि भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. घरचे म्हणतात, सोडली म्हणून वेडा झाला, आणि हातात पुन्हा ग्लास देतात. दारू सोडायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन, हे फिल्ममध्ये स्पष्ट यायला हवं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली उभ्या केलेल्या मुक्तांगणने व्यसन हा आजार आहे, गुन्हा नव्हे, ही गोष्ट महाराष्ट्राला शिकवली. चाळीस वर्षांनंतरही पथनाट्यातली बायको नवऱ्याच्या नावाने बोटं मोडते, डॉक्टरकडे नेत नाही.

पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून जिल्हा रुग्णालय म्हणजे अलिबाग. एसटी बदलत जायला जवळपास दिवस मोडतो, आणि हात थरथरणाऱ्या माणसाला घेऊन तर जाणंच कठीण. म्हणून शेवटच्या दृश्यात काय असावं, यावर गटाने सगळ्यात जास्त वेळ द्यावा. एक बाई फोन लावते आहे. पडद्यावर दोन क्रमांक, मोठ्या अक्षरात, वाचून लिहून घेता येतील इतका वेळ थांबलेले: नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्याच्या टेलिमानस सेवेसाठी १४४१६. खाली तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाचं नाव आणि बाह्यरुग्ण विभागाची वेळ. ही वेळ मुलांनी स्वतः रुग्णालयात जाऊन विचारून आणावी, झटके आलेल्या माणसाला तिथे दाखल करून घेतात का तेही विचारावं, आणि उत्तर नाही असं मिळालं तर दाखल कुठे करतात ते शोधून तो पत्ता पडद्यावर टाकावा.